कंपनीच्या कार ऑडिओत थोडक्या खर्चात सुधारणा: आधी स्पीकर की ॲम्प?

प्रश्न (सुरमाग्नी)

गाडीत कंपनीचा टचस्क्रीन टेप आहे. चारही दारांत साडेसहा इंची कागदी कोनचे स्पीकर आणि पुढे आरशाच्या कोपऱ्यात दोन छोटे ट्वीटर (उंच सुरांचे स्पीकर). व्हॉल्यूम 40 पैकी 25 च्या वर नेला की आवाज फाटतो, तबल्यातला डग्गा जवळजवळ गायब आणि दार थरथरतं. रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं टेपलाच जोडलेली असल्याने टेप बदलायचा नाही. सगळं एकदम झेपणार नाही, तेव्हा क्रम कसा लावू? टेपवर 50x4 वॉट लिहिलंय, मग ॲम्प (वेगळा ॲम्प्लिफायर) खरंच लागतो का?

उत्तर (दोनतारी)

50x4 हा क्षणभराचा कमाल आकडा आहे. टेपमधली चिप 4 ओहमच्या स्पीकरला सलग 18 ते 22 वॉटच देते. त्यापुढे रेटलं की सिग्नलचे माथे सपाट कापले जातात, त्यालाच आपण आवाज फाटणं म्हणतो.

त्यामुळे पहिल्या टप्प्यात फक्त पुढची जोडी आणि पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग (पत्र्याची थरथर दाबणं). मागचे स्पीकर आहेत तसे राहू द्या आणि फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधला आवाजाचा तोल) दोन-तीन घरं पुढे सरकवा. स्पीकर घेताना खोक्यावरचे मोठे वॉट बघू नका, सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरवर किती मोठा वाजतो) बघा. 3 डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट पॉवर. 87 डेसिबलच्या स्पीकरला 40 वॉट लागतील, तिथे 90 चा स्पीकर 20 वॉटवर तेवढाच वाजेल. टेपवरच चालवायचे असतील तर 90 च्या खालचा घेऊच नका. हा आकडा 1 वॉटवर मोजलाय की 2.83 व्होल्टवर, हेही वाचा. 4 ओहमवर 2.83 व्होल्ट म्हणजे 2 वॉट, म्हणजे आकडा आयताच 3 ने फुगतो.

उत्तर (पत्राठोक)

डॅम्पिंगवर खरं काम करावं लागतं, म्हणून लोक ते टाळतात आणि मग नव्या स्पीकरला नावं ठेवतात. कोन मागे जाताना जी हवा ढकलतो ती दाराच्या भोकांतून पुढे आली की खालचे सूर कापले जातात. तुमचा डग्गा तिथेच हरवतोय.

बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. दाराच्या हँडलमागचे आणि आर्मरेस्टखालचे स्क्रू आधी काढा, मग ट्रिम खालून प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला. दोन-चार क्लिप तुटतातच, जादा आणून ठेवा. बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि 2 मिमीची ब्यूटाइल शीट (फॉइल लावलेली चिकट रबरी शीट) रोलरने दाबून बसवा, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, मधला पाव ते एक तृतीयांश भाग पुरतो. बोटांनी टकटक करा. पिंपासारखा घुमण्याऐवजी 'ठक' असा बसका आवाज आला की झालं. आतल्या पत्र्याची मोठी भोकंही बुजवा, पण दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं उघडीच ठेवा, नाहीतर दार आतून गंजेल. काही गाड्यांत पुढच्या दारात एअरबॅगचा दाब मोजणारा सेन्सर असतो. तशी गाडी असेल तर सर्व्हिस मॅन्युअल बघितल्याशिवाय भोकं बंद करू नका.

स्पीकरची रिंग एमडीएफची नको, ओल लागली की फुगते. एबीएस किंवा एचडीपीईची घ्या, मागे फोमची पट्टी लावा. बसवण्याआधी काच पूर्ण खाली करून मॅग्नेटला अडत नाही ना ते बघा. इथेच बरेच जण फसतात.

प्रश्नकर्ता

कोएक्सियल (ट्वीटर स्पीकरमध्येच बसवलेले) घेऊ की कॉम्पोनंट (ट्वीटर वेगळे)? आणि जुने ट्वीटर तसेच ठेवले तर चालतील?

उत्तर (दोनतारी)

ट्वीटरची जागा तयार आहे, तेव्हा कॉम्पोनंट. कोएक्सियल घ्यायचेच असतील तर जुन्या ट्वीटरचा कपलर काढा. ते बहुतेक दाराच्या स्पीकरला समांतर जोडलेले असतात, मध्ये फक्त एक छोटा कपॅसिटर. दोन्ही एकदम वाजले की झांज आणि 'स', 'श' कानात टोचतात. तोच कपॅसिटर नव्या ट्वीटरला वापरू नका, सेटमधला क्रॉसओव्हरच (कोणते सूर कुठल्या स्पीकरला ते वाटणारा) लावा.

कंपनीची वायर कापू नका, गाडीच्या मॉडेलचा ॲडॅप्टर कपलर घ्या. पोलॅरिटी तपासायला 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलची प्लस बाजू स्पीकरच्या प्लसला असताना कोन बाहेर यायला हवा. एका बाजूला उलटी जोडणी झाली तर आवाज भरपूर पण बास नाही, असा प्रकार होतो.

उत्तर (फ्यूजवाला)

ॲम्प दुसऱ्या टप्प्यात, हाय-लेव्हल इनपुटवाला (टेपच्या स्पीकर वायरींनाच थेट जोडता येणारा). टेपची स्पीकर-निगेटिव्ह कधीही बॉडीला अर्थ करू नका, त्या वायरवरही व्होल्टेज असतं, चिप जळेल. 4x50 वॉटचा क्लास-डी ॲम्प पूर्ण जोरात साधारण 18 अँपियर ओढतो. 8 गेजची शुद्ध तांब्याची वायर पुरे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असेल तर एक साइझ जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत, कारण तो ॲम्पसाठी नसून वायर घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो.

ॲम्पवरचा गेन (टेपचा सिग्नल किती वाढवायचा ते) म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे. स्पीकर सोडवा, टेपचे बास-ट्रेबल शून्यावर, व्हॉल्यूम फाटण्याच्या जरा खाली (तुमच्याकडे 22-23), 1 किलोहर्ट्झचा 0 डेसिबल टोन (पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला एकसुरी आवाज) लावा आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. 50 वॉट गुणिले 4 ओहम म्हणजे 200, त्याचं वर्गमूळ 14.1 व्होल्ट. गेन तिथपर्यंतच. मग हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर.

उत्तर (पत्राठोक)

मी दुसऱ्या टप्प्यात ॲम्पऐवजी सीटखालचा 8 इंची ॲक्टिव्ह सबवूफर (स्वतःचा ॲम्प असलेला, फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) सुचवेन. टेपमध्ये हाय-पास असेल तर तो 80 वर ठेवा, दाराच्या स्पीकरवरचा खालच्या सुरांचा भार उतरतो आणि 20 वॉटही मोकळे वाजतात.

उत्तर (फ्यूजवाला)

टेपमध्ये हाय-पास असेल तर मान्य. कंपनीच्या पुष्कळ टेपमध्ये नसतो, सेटिंगमध्ये आधी बघा. काहीही जोडलं तरी इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी 'कुंईं' ऐकू आली तर पहिला संशय अर्थवर (निगेटिव्ह वायर बॉडीला जोडतो तिथे). बोल्टखालचा रंग उघड्या पत्र्यापर्यंत खरवडा आणि ती वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा.