ओल्ड स्कूल रुनस्केपला 'माऊसची मजुरी' म्हणणाऱ्यांना उत्तर

गुराखी_लुंब्रिजचा

परवा 'नोकरी सांभाळून कोणता ऑनलाइन गेम खेळावा' या धाग्यावर स्पष्टवक्ता यांनी लिहिलं की ओल्ड स्कूल रुनस्केप (काल्पनिक जगात झाडं तोडत, मासे पकडत, राक्षस मारत आपलं पात्र वाढवायचा ऑनलाइन गेम) हा खेळच नाही, माऊसची बिनपगारी मजुरी आहे, झाडावर क्लिक करा, बसून रहा, परत क्लिक करा, आणि जे वर्षानुवर्षं हे करतात त्यांना मोठं व्हायचं नाहीये. तिथेच दोन ओळी टाकणार होतो पण जे डोक्यात होतं ते दोन ओळीत मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी २००६ ला नाशिकला सातवीत होतो. घरी कॉम्प्युटर नव्हता, कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये. कॅफेवाला काही इन्स्टॉल करू द्यायचा नाही, सीडी घालू द्यायचा नाही. रुनस्केप ब्राउझरमध्ये जावावर चालायचा म्हणून तो खेळता आला, बाकी जगातले सगळे मोठे गेम आम्ही फक्त मासिकात बघितले. आणि नेट कितीही रडलं तरी चालायचं, कारण या गेमचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या टिकवर, म्हणजे ठोक्यावर, चालतं, इंग्लंडच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला पाव सेकंद लागला तरी तुमची कुऱ्हाड इतरांच्या बरोबरीनेच पडते. ज्याच्याकडे भारी मशीन आणि भारी लाईन तोच जिंकणार, असं इथे नव्हतं.

पहिले पैसे गाईंचे. लुंब्रिज या सुरुवातीच्या गावाच्या गायरानात गाई मारायच्या, कातडी उचलायची, शेजारच्या अल खरीद शहराच्या फाटकावर दहा जीपी (गेममधली नाणी) टोल द्यायचा आणि बँकेत टाकायची. पिशवीला २८ खण, एकात टोलची नाणी, म्हणजे एका खेपेला २७ कातडी. अशा किती खेपा मारल्या देव जाणे. त्यातून चिलखत, मग ३२ क्वेस्ट पॉइंट (मोहिमांचे गुण) जमवून ड्रॅगन स्लेयर ही मोहीम, क्रँडोर बेटावर जाऊन एल्वार्ग ड्रॅगनला मारलं आणि रुन प्लेटबॉडी हे भारी चिलखत अंगावर चढवलं तेव्हा शेजारच्या मशीनवरचा अनोळखी पोरगा उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्या चिलखताची किंमत त्यालाही माहीत होती, कारण त्यानेही गाई मारल्या होत्या!

कुठल्याही कौशल्याच्या ९९ लेव्हलला, म्हणजे वरच्या टोकाला, १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात आणि ९२ ला तुम्ही जेमतेम अर्ध्यावर असता, हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी लोक करतात. का करतात? कारण इथे कमावलेलं कुणी पुढच्या अपडेटला कचऱ्यात काढत नाही. २०१२ ला कंपनीने लढाईची पद्धत मुळापासून बदलली तेव्हा लोक सोडून गेले, आणि २०१३ ला ऑगस्ट २००७ चा बॅकअप काढून हा जुना गेम परत सुरू करायचा का यावर साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली. नंतरही नवीन काही घालायचं तर खेळाडूंना विचारून, आधी ७५ टक्के लागायचे, २०२२ पासून ७०. असा दुसरा गेम दाखवा, मग मजुरी म्हणा.

स्पष्टवक्ता

माझं नाव घेऊन धागा काढलाय म्हणून उत्तर देतो, आणि सविस्तर देतो, कारण मी बाहेरून दगड मारत नाहीये.

मी २०१४ ते २०१७ खेळलोय. वुडकटिंग ९९, फिशिंग ९९, कुकिंग ९९. लुंब्रिजच्या किल्ल्याभोवती तो हॅन्स म्हातारा फिरत असतो ना, त्याला विचारलं की तुम्ही एकूण किती खेळलात ते सांगतो. एका रात्री सहज विचारलं. १९४ दिवस. खेळायला बसलो तेवढे दिवस नाही हो, चोवीस तासांचे १९४ अख्खे दिवस. तेव्हा माझं एम.टेक.चं दुसरं वर्ष बॅक राहिलं होतं आणि घरी मी सांगत होतो की प्रोजेक्टचं काम चालू आहे. बाबा रोज रात्री दाराशी येऊन विचारायचे, झालं का रे, आणि मी स्क्रीन बदलायचो.

तुमचा सातवीतला पोरगा सुट्टीत पंधरा रुपये देऊन तासभर खेळून घरी जात होता. त्याच्यावर मी काही बोललोच नाही. मी बोललो ते घरी अमर्याद नेट असलेल्या पंचविशीतल्या माणसाबद्दल. हा गेम अर्धवट लक्ष मागतो म्हणूनच घातक आहे. जो गेम पूर्ण लक्ष मागतो तो तासाभरात दमवतो, माणूस उठतो. यू झाडावर क्लिक करून माणूस दमत नाही, म्हणून उठत नाही. मतदान कितीही घ्या, एक्सपीचा तक्ता कुणाला मतदानाने बदलता आलाय का?

चहाबाज

स्पष्टवक्ता, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण अर्धवट लक्ष मागतो हेच माझ्यासाठी वरदान होतं. मी लीड्सला होते, मुलगी दोन महिन्यांची, माहेरचं कुणी येऊ शकलं नव्हतं आणि नवरा रात्रपाळीला. २०१८ च्या ऑक्टोबरात मोबाइलवर आला हा गेम. रात्री तीनला मुलगी मांडीवर आणि उजव्या अंगठ्याने बार्बेरियन व्हिलेजला ट्राउट पकडायचे. काही विचार करायचा नाही, डोळा लागला तर काही बिघडत नाही, आणि शेजारी उभा असलेला कुठलातरी ब्राझीलचा नाहीतर फिनलंडचा माणूस 'अजून जागी?' असं विचारायचा. त्या तीन महिन्यांत मुलीला सोडून माझ्याशी रोज बोलणारं दुसरं कोण होतं? ज्या गेमला पूर्ण लक्ष लागतं तो मी कधी खेळले असते, सांगा.

स्पष्टवक्ता

ताई, तुमच्याबाबतीत मान्य. तुमच्याबाबतीत.

कोल्हापुरी_आयर्नमॅन

मूळ मुद्दा भलताच आहे. ग्राइंड, म्हणजे तेच ते काम करत राहणं, वाईट नाही, ग्राइंड विकत घेता येतो हे वाईट. २०१५ ला बॉण्ड (मेंबरशिपचं विकत मिळणारं कूपन) आले तेव्हापासून जो पैसेवाला आहे तो खऱ्या पैशाने बॉण्ड घेतो, ग्रँड एक्स्चेंजवर, म्हणजे गेममधल्या बाजारात, विकतो, आलेल्या जीपीत पाहिजे ते हत्यार घेतो. गुराखी सांगतायत की कमावलेलं कचऱ्यात जात नाही. अहो पण शेजाऱ्याने ते कार्ड घासून आणलं असेल तर तुमच्या कमावलेल्याला कोण विचारतो? म्हणून मी आयर्नमॅन. कुणाकडून घेणं नाही, कुणाला देणं नाही. लॉबस्टर पाहिजे तर स्वतः पकडा.

आणि सेलिंग या नव्या कौशल्यावर कुणी बोलत का नाही? २०१५ ला लोकांनी पाडलं होतं, २०२३ ला फिरून तेच आणलं, पास करून घेतलं आणि नोव्हेंबर २०२५ ला गळ्यात मारलं.

गुराखी_लुंब्रिजचा

सेलिंगसाठी वेगळा धागा काढा, इथे नको. बॉण्डबद्दल मात्र तुम्ही एकच बाजू सांगताय. माझ्याकडे लहानपणी कार्ड नव्हतं, घरात कुणाकडेच नव्हतं, त्यामुळे पैसे भरणाऱ्या मेंबर्सचं अर्धं जग कुंपणाबाहेरून बघितलं. आज एखादं पोर गेममध्ये जीपी कमवून बॉण्ड घेतं आणि चौदा दिवस मेंबर होतं, त्याच्या बापाला एक रुपया द्यावा लागत नाही. तो बॉण्ड कुणीतरी पैसेवाल्यानेच आणलेला असतो. मला चालतं.

रात्रीचा_राजा

बॉण्ड ठीक आहेत हो, निदान पैसा गेम बनवणाऱ्याकडे जातो. खरी कीड म्हणजे बाहेरून गोल्ड, म्हणजे गेमची नाणी खऱ्या पैशाला, विकणारे. माहीत नसेल तर सांगतो, डिसेंबर २००७ ला वाइल्डरनेसमधली (जिथे खेळाडू एकमेकांना मारू शकतात तो भाग) मारामारी का बंद झाली आणि लगेच पुढच्या महिन्यात मोकळा व्यापार का बंद झाला? गोल्डवाल्यांमुळे. चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर मेंबरशिप घ्यायची, बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्राम) लावायचे, नंतर बँका पैसे परत मागणार. त्यांच्या पायी प्रामाणिक लोकांचा गेम तीन वर्षं अपंग झाला, फेब्रुवारी २०११ ला सगळं परत आलं तोवर माझी अख्खी टोळी पांगली होती. गुराख्याला त्याच्या गाई आठवतात, मला माझी टोळी आठवते.

म्हणून २०१७ ला व्हेनेझुएलावाले गोल्ड विकायला वाइल्डरनेसमधल्या ग्रीन ड्रॅगनवर बसायला लागले तेव्हा मी रोज रात्री जाऊन त्यांना मारायचो. मोजून मारायचो. त्याची मला आजही लाज नाही. गोल्ड विकणारा चोर असतो, मग तो कुठल्याही देशाचा असो.

चहाबाज

त्यांच्या देशात तेव्हा पगाराचा कागद झाला होता, दुकानात खायला नव्हतं. ड्रॅगनची कातडी विकून डॉलर मिळवणाऱ्या माणसाला तुम्ही चोर म्हणताय आणि मोजून मारायचो म्हणून वर सांगताय?

रात्रीचा_राजा

गेममध्ये मारायचो. वाइल्डरनेस त्यासाठीच आहे, कवटीचं चिन्ह दाखवूनच आत सोडतात. उगाच भावनिक करू नका. गरीब आहे म्हणून नियम नाहीत का? मग आपल्याकडे परीक्षेत कॉपी करणाऱ्यालाही सोडा, तोही गरीबच असतो.

मिरजेचा_मुक्काम

दोन वर्षं नुसता वाचक आहे, आज लिहितो.

मी विकलंय गोल्ड. २०२० ला. बाबांची शाळेची व्हॅन होती, मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि व्हॅन दारात उभी राहिली ती राहिलीच, हप्ता मात्र सुरू. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. अकाउंट २०१५ पासूनचं, बॉट नाही, चोरीचं कार्ड नाही, ड्रॅगन स्लेयर दोन स्वतः केलेली, म्हणून वोर्काथ हा मोठा ड्रॅगन माझ्यासाठी उघडा होता. सकाळी सहाला बसायचो कारण घरातले उठले की नेट सगळ्यांना लागायचं. वोर्काथ ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, ॲसिड टाकलं की रन बंद करून चालत रहायचं, एक पाऊल चुकलं की गेला, आणि तो झॉम्बी सोडतो तेव्हा क्रम्बल अनडेड हा मंत्र वेळेत टाकायचा. अर्धवट लक्षाने होत नाही ते. तासाला पंचवीस-तीस लाख जीपी सुटायचे, दहा लाखाला मला पस्तीसेक रुपये मिळायचे. म्हणजे तासाला शंभरच्या आसपास. आईच्या थायरॉइडच्या गोळ्या, वीजबिल आणि किराण्यातला थोडा भाग सात महिने त्यातून निघाला. घरी सांगितलं होतं की डेटा एंट्रीचं काम आहे.

नंतर अकाउंट बॅन झालं. नियम मोडला होता, झालं ते बरोबरच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण राजेसाहेब, मी कुणाच्या खिशातून काढलं ते सांगा. चोर म्हणताना ते सांगावं लागेल.

रात्रीचा_राजा

अर्थव्यवस्थेतून काढलंत. तुमच्यासारखे हजारो जण तेच करतात म्हणून वोर्काथच्या ड्रॉपचे भाव पडतात, आणि जो नुसता खेळायला म्हणून करतो त्याला कमी मिळतं. भावनेने हे बदलत नाही.

कोल्हापुरी_आयर्नमॅन

भाव पडले तर त्या वस्तू तुम्हालाही स्वस्तच मिळतात की. आणि मोजून मारायचो हे लिहायची काही गरज होती का? चार बायामाणसं पण वाचतात इथे.

चहाबाज

बायामाणसांचं काय मध्येच? मी इथे सगळ्यात जुनी खेळणारी असेन कदाचित, मलाही वाइल्डरनेस कळतो. राजा, तुम्ही मुद्द्याला उत्तर द्या. तुम्ही मारलेल्यांपैकी बॉट किती आणि माणसं किती हे तुम्हाला कळायचं का?

रात्रीचा_राजा

कळायचं. बॉट बोलत नाही.

हे मला लिहायचं नव्हतं पण तुम्ही विचारलंत. एक जण होता, रोज त्याच ड्रॅगनवर, अंगावर काही नाही, हातात फक्त ड्रॅगनची आग थोपवायची ढाल. तिसऱ्या की चौथ्या रात्री मी टेलिब्लॉक (टेलिपोर्ट करून निसटता येऊ नये असा मंत्र) टाकला तेव्हा त्याने 'प्लीज नो' लिहिलं आणि पळायचं सोडून उभाच राहिला. मी मारलं. सोळा कातडी पडली. दुसऱ्या रात्री तो परत तिथेच होता, मी वर्ल्ड, म्हणजे सर्व्हर, बदलून दुसरीकडे गेलो. का गेलो ते तेव्हा कळलं नाही.

गोल्ड विकणं चूक आहे हे माझं मत तसंच आहे. मिरजवाल्यांना चोर म्हटलं तो शब्द मागे घेतो. फक्त तो शब्द.

स्पष्टवक्ता

आता सगळे शांत झाले असतील तर मी माझा मुद्दा परत मांडतो, कारण तुम्हीच तो सिद्ध केलाय. मिरजवाले सकाळी सहाला पाळीला बसल्यासारखे बसले, तासावर हिशोब केला, पैसे घेतले. व्हेनेझुएलातला माणूस तेच करत होता. ज्या कामाला बाजारात तासाचा दर आहे, त्याला मजुरी नाही तर काय म्हणायचं? त्यांना निदान मजुरी मिळाली. मी १९४ दिवस तेच फुकट केलं.

गुराखी_लुंब्रिजचा

याला माझ्याकडे पटकन उत्तर नाही, खोटं कशाला बोलू. तरीही भजनात पेटी वाजवणाराही असतो आणि लग्नाच्या बँडमध्ये पैसे घेऊन वाजवणाराही, म्हणून पेटी काही मजुरी होत नाही. तुमचे १९४ दिवस गेले त्याचं दुःख खरं आहे, पण तुम्ही बाबांपासून लपवत होतात ते काहीतरी दुसरंच होतं असं मला वाटतं, झाडं तोडणं हे फक्त लपायचं ठिकाण. चुकत असेन तर सांगा.

स्पष्टवक्ता

हे तुम्ही बोलायला नको होतं. चूक आहे असं मात्र म्हणत नाही.

मिरजेचा_मुक्काम

गुराखी, पेटीचं पटलं. माझं थोडं सांगून थांबतो.

आता नोकरी आहे, बाबांची व्हॅनही सुरू आहे. बॅननंतर दोन वर्षं गेम उघडला नाही, वोर्काथचा आवाज आला तरी पोटात कालवायचं. मागच्या दिवाळीत नवीन अकाउंट काढलं, आणि मुद्दाम आयर्नमॅन काढलं, ज्यात दुसऱ्या कुणाला काही विकताच येत नाही. बायको विचारते यातून काय मिळतं, तिला सांगितलं, काहीच मिळत नाही. पोर्ट सारिमहून तीस जीपी देऊन बोटीने करामजा बेटाला जातो, धक्क्यावर उभा राहतो, पिशवी भरली की परत. फिशिंग ५८ झालंय. घड्याळ लावत नाही.

कोल्हापुरी_आयर्नमॅन

त्या धक्क्याजवळ बँक नाही, चालून चालून मराल. फिशिंग ६८ करून फिशिंग गिल्ड गाठा, बँक दोन पावलांवर आहे.

मिरजेचा_मुक्काम

माहीत आहे. बोटीतून जायला आवडतं.