डीएनडी लावूनही प्लॉटवाल्यांचे फोन थांबत नाहीत, बाबांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा नागपूरला प्रतापनगरात एकटे राहतात, मी पुण्यात असते. त्यांचं डायलिसिस सुरू आहे. वेळ बदलली की सेंटरमधून कोणत्याही नंबरवरून फोन येतो, त्यामुळे "अनोळखी नंबर उचलूच नका" हा सल्ला आम्हाला चालत नाही. घंटी वाजली की त्यांना उठावंच लागतं. पलीकडून ऐकू येतं, "सर, मिहानजवळ एनए, आरएल प्लॉट आहेत, साइट व्हिजिटला गाडी पाठवू का?" कधी बेसा, कधी जामठा, कधी उमरेड रोड. डायलिसिसहून आल्यावर माणूस पार गळून गेलेला असतो हो, डोळा लागतो न लागतो तोच हे. फार संताप येतो.

१९०९ वर 'स्टार्ट ०' पाठवून डीएनडी लावलं आहे, म्हणजे सगळ्याच जाहिराती बंद केल्या आहेत. १४० ने सुरू होणारे बँका-विम्याचे फोन त्यानंतर जवळजवळ थांबले. प्लॉटवाले मात्र साध्या दहा आकडी मोबाइलवरून बोलतात आणि दर वेळी नंबर नवा, म्हणून ब्लॉक करून काही होत नाही. तक्रार केली तर मोबाइल कंपनीचा मेसेज आला: ग्राहकाची संमती असल्याने तक्रार बंद.

ही संमती दिली कधी? त्याच बिल्डरची जाडजूड पाकिटं पोस्टानेही येतात, त्यावर बाबांचं पूर्ण नाव आणि फ्लॅट नंबर. एका प्रदर्शनात लकी ड्रॉचं कूपन भरून घेतलं होतं, तिथूनच माहिती गेली असावी असं वाटतं.

संमती दिलीच असेल तर ती लेखी मागे कशी घ्यायची? पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहून पोस्टमनकडे परत दिलं तर उपयोग होतो का? आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अशा त्रासासाठी कुणी गेलं आहे का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

ताई, संमतीच्या मुद्द्यावर अडकू नका. संमती असली तरी जाहिरातीचा फोन साध्या दहा आकडी नंबरवरून करायला ट्रायची (दूरसंचार नियामकाची) परवानगी नाही. तक्रारीत हे स्पष्ट लिहा आणि नंबर, तारीख, बोलणं नोंदवा. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीला तीनऐवजी सात दिवस मिळतात, आणि एकाच पाठवणाऱ्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई सुरू होते. पूर्वी सात दिवसांत दहा लागायच्या. अशा नोंदणी नसलेल्या नंबरांविरुद्ध तक्रार करायला स्वतःचं डीएनडी असण्याचीही गरज नाही. बिल्डर एकट्या तुमच्या बाबांना फोन करत नसणार. अपार्टमेंटच्या ग्रुपवर नंबर टाका, ज्यांना ज्यांना तोच फोन आला त्या प्रत्येकाला आपापल्या मोबाइलवरून तक्रार करायला सांगा. बिल्डरला संमती मागे घेतल्याचं पत्र स्पीड पोस्टाने बाबांच्या सहीने पाठवा आणि पावती जपून ठेवा, आयोगात जायची वेळ आली तर तीच लागेल.