नवीन विशेष शिक्षकांना वैयक्तिक शैक्षणिक आराखडा (आयईपी) नीट लिहायला कसे शिकवावे?

प्रश्न: समावेशित शिक्षण, सातारा जिल्हा

नमस्कार. गटसाधन केंद्रामार्फत आमच्या तालुक्यातील शाळांना भेटी देणाऱ्या विशेष शिक्षकांचे आयईपी तपासून त्यांना मार्गदर्शन करण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. अडचण अशी की, आराखड्यावरचे नाव झाकले तर तो कोणत्या मुलाचा आहे हे ओळखताच येत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलासाठी ‘दैनंदिन जीवनकौशल्ये विकसित करणे’, ‘संख्याज्ञान वाढवणे’ आणि ‘एकाग्रता सुधारणे’ हीच उद्दिष्टे लिहिलेली आढळतात. हे शिक्षक कामचुकार मुळीच नाहीत. एखाद्या मुलाविषयी तोंडी विचारले तर ते त्याच्या खाण्यापिण्यापासून रुसण्या-फुगण्यापर्यंत सारे बारकाईने सांगतात. पण यातले कागदावर काहीच उतरत नाही. उद्दिष्ट मोजता येण्याजोगे हवे असे प्रशिक्षणात सांगितल्यावर सगळ्या आराखड्यांत ‘८० टक्के अचूकतेने’ हे शब्द तेवढे वाढले. अनुभवी मंडळींनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १: विशेष शिक्षिका, पुणे

मॅडम, तुमचे शिक्षक मुलाविषयी तोंडी इतके सांगू शकतात, ही मोठी जमेची बाजू आहे. माझे मत असे की, उद्दिष्टांच्या रकान्याला तूर्त हात लावू नका; आधी ‘सद्यस्थिती’चा रकाना सुधारून घ्या, कारण तो कच्चा राहिला की पुढचे सगळेच ढोबळ होते.

एक उदाहरण देते. अकरा वर्षांच्या एका मुलीच्या आराखड्यात ‘स्वतः कपडे घालता येत नाहीत’ एवढेच लिहिले होते. तिच्या शिक्षिकेला मी तिला शर्ट घालताना नुसते पाहायला आणि दिसेल तेच लिहायला सांगितले. नंतरची नोंद अशी होती: ‘शर्ट उघडून धरल्यास दोन्ही हात बाह्यांत घालते, कॉलर स्वतः सरळ करते, बटण काजात अर्धे ढकलते, मात्र दुसऱ्या बाजूने ओढून घेण्यासाठी तिच्या बोटांना धरून मदत करावी लागते.’ या नोंदीतून उद्दिष्ट आपोआप निघाले. बाकीच्या क्रिया शिक्षिकेने करून द्यायच्या आणि अर्धे बाहेर आलेले बटण ओढून घेण्याची शेवटची क्रिया मुलीने करायची. ती जमली की त्याआधीची क्रिया तिच्याकडे सोपवायची. शेवटाकडून मागे येत शिकवल्यामुळे मुलीला प्रत्येक वेळी काम पुरे झाल्याचे समाधान मिळते आणि ती कंटाळत नाही.

आराखडे एकसारखे होण्याचे मुख्य कारण माझ्या मते पडताळासूचीच्या, म्हणजे मुलाला काय जमते हे तपासण्याच्या तयार यादीच्या, वापरात आहे. सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेविषयीच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली एफएसीपी ही सूची असो किंवा १८ क्षेत्रांत ३६० बाबी असलेली एमडीपीएस असो, ही साधने मूल कोणत्या टप्प्यावर आहे हे शोधण्यासाठी उत्तम आहेत; परंतु घाईत असलेला शिक्षक प्रत्येक क्षेत्रातील ‘जमत नाही’ अशी पहिली बाब उचलतो आणि तीच उद्दिष्ट म्हणून उतरवून काढतो. सूचीतील क्रम हा त्या मुलाच्या गरजेचा क्रम नसतो, हे वारंवार सांगावे लागते.

टक्केवारीविषयीही लिहिते. शब्दवाचनासाठी ८० टक्के ठीक आहे, पण ‘८० टक्के अचूकतेने रस्ता ओलांडेल’ याचा अर्थ पाचपैकी एकदा मूल गाडीसमोर जाईल असा होतो. अशा कौशल्यांत टक्के लिहिण्यापेक्षा मदतीची पातळी लिहावी: आज हात धरून, पुढे केवळ तोंडी सूचनेवर, त्यानंतर नुसत्या खुणेवर आणि शेवटी मोठे माणूस मागे उभे असताना स्वतःहून.

प्रतिसाद २: पालक, नाशिक

मी शिक्षिका नाही, डाउन सिंड्रोम असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीची आई आहे. अनेक वर्षे आम्हाला आराखड्यावर केवळ सही करायला बोलावले जाई. ‘तुमच्या काय अपेक्षा आहेत?’ असे विचारले की आम्ही पालकही ‘तिला लिहिता-वाचता यावे’ असे गुळगुळीत उत्तर देऊन मोकळे होत असू. नंतर आलेल्या ताईंनी मात्र वेगळे विचारले: सकाळी उठल्यापासून शाळेत पोहोचेपर्यंत कोणत्या कामाला तुमचा हात लागतो, आणि ती संध्याकाळी कोणाबरोबर काय करते?

आमचे किराणा मालाचे छोटे दुकान आहे आणि ती आजीजवळ गल्ल्यापाशी बसते. तिला १ ते ५० अंक लिहिता येत होते, पण ‘तीन पुडे दे’ म्हटले की ती हाताला लागतील तेवढे पुडे देई. ताईंनी अंकलेखन बाजूला ठेवून ‘गिऱ्हाईक मागेल तेवढे, पाचपर्यंतचे नग मोजून देईल’ असे उद्दिष्ट लिहिले. त्याचा सराव शाळेत खडूंवर आणि घरी बिस्किटांच्या पुड्यांवर झाला. आपल्या शिक्षकांना पालकांशी असे प्रश्न विचारून बोलायला जरूर शिकवा.

प्रतिसाद ३: फिरता विशेष शिक्षक, नंदुरबार

वरील दोन्ही प्रतिसाद पटले. मी एवढेच जोडतो की, आम्ही एका शाळेत रोज नसतो. आराखडा प्रत्यक्षात वर्गशिक्षकच राबवतात. त्यामुळे त्यांनी काय करायचे हे त्यांच्या वेळापत्रकाच्या भाषेत लिहिले नाही, तर आराखडा फायलीतच राहतो. अल्पदृष्टी असलेल्या मुलासाठी ‘आवश्यक ते अनुकूलन करावे’ असे न लिहिता, ‘खिडकीचा उजेड पाठीमागून येईल अशा पुढच्या बाकावर बसवावे, फळ्यावर लिहिताना प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी, मोठ्या अक्षरांतील पुस्तक दप्तरात आहे का ते परिपाठानंतर पाहावे’ असे लिहावे.

आमच्याकडे भाषेचाही प्रश्न आहे. घरी पावरी बोलणाऱ्या मुलाची चाचणी प्रमाण मराठीत घेतली आणि ते गप्प राहिले, की ‘भाषा विकास कमी’ अशी नोंद होते. वस्तूचे नाव मुलाला घरच्या भाषेत सांगता येते का, हे आजी-आजोबांना जवळ बसवून आधी पाहावे. त्याशिवाय नोंद करणे त्या मुलावर अन्याय आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या बैठकीत कोरे नमुने न वाटता प्रत्येकाला एकाच मुलाचे निरीक्षण लिहून आणायला सांगणार आहे. एक शंका उरते: कार्यालयाच्या नमुन्यात सद्यस्थितीसाठी दोनच ओळी आहेत.

प्रतिसाद १: विशेष शिक्षिका, पुणे

त्या दोन ओळींत सार लिहावे आणि निरीक्षणाचे पान मागे जोडावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये गरजेनुसार वैयक्तिक साहाय्य देणे आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या सहभागावर व प्रगतीवर लक्ष ठेवणे ही संस्थांची जबाबदारी सांगितली आहे, त्यामुळे जोडलेल्या पानाला कोणी हरकत घेतली तर हा आधार दाखवता येईल. त्याच पानावर तारीख घालून दर महिन्याला दोन ओळी वाढवायला सांगा. तीन महिन्यांत नोंद जागची हलली नाही, तर मुलाला दोष न देता पायरी आणखी लहान करावी किंवा मदतीचा प्रकार बदलावा, आणि तो बदल का केला हेही तिथेच लिहावे, म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी नव्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.