रूममेटला सरळ विचारू का?

निळी_शाई: माझी रूममेट गेल्या सेमिस्टरपासून गप्पगप्प असते, लेक्चर बुडवते, रात्रभर टक्क जागी आणि दिवसभर झोपून. परवा तिने स्वतःची स्केचबुकं आणि हेडफोन मला देऊन टाकले, म्हणे मला आता नाही लागणार. आणि तेव्हापासून एकदम मजेत आहे, हसतेय काय, बोलतेय काय. बाकीच्या म्हणतात झाली बरी, सोड विषय. पण आत्महत्येचं विचारलं आणि नसलेलं डोक्यात घुसलं तर? शिवाय ती रडत होती ते कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय.

उंटावरचा: हेडफोन दिले म्हणून एवढं? जरा जास्तच होतंय असं नाही वाटत? परीक्षेचं टेन्शन सगळ्यांनाच असतं.

संध्या_के: @उंटावरचा, जास्त नाही होत. डब्ल्यूएचओच्या 2021 च्या आकड्यांत 15 ते 29 वयात मृत्यूचं तिसरं मोठं कारण आत्महत्या आहे. निळी, विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे, त्यावर अभ्यास झालेत, उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकणं आणि इतक्या उदासीनंतर अचानक खूश होणं, हे दोन्ही एकत्र दिसतंय म्हणून मला जास्त काळजी वाटते, कधीकधी मनाशी ठरवून झालं की माणूस असा हलका होतो. आजच विचार. "वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" असं नको, त्याला "छे गं" एवढंच उत्तर मिळतं. "जीव द्यायचे विचार येतात का?" असं स्पष्ट विचार आणि मग गप्प बसून ऐक, लेक्चर देऊ नकोस.

निळी_शाई: आणि हो म्हणाली तर??

संध्या_के: तर काही ठरवलंय का, कधी, आणि त्यासाठीचं काही जवळ आहे का तेही विचार. असेल तर ते तिच्यापासून लांब कर, तिला एकटी सोडू नकोस आणि सरळ इमर्जन्सीत घेऊन जा. तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळच टिकते, तो वेळ निघणं महत्त्वाचं. तसं काही ठरवलेलं नसेल तरी आजच कौन्सेलर किंवा हेल्पलाइन. शपथ मोड. रुसेल, रुसू दे.

उंटावरचा: बरं, हे माहीत नव्हतं. निळी, वॉर्डनलाही सांगून ठेव, रात्री तू एकटीच जागत बसू नकोस.