लेलँडने कधी कार बनवली होती का?

कुंभार्लीघाट:
वडील चिपळूण डेपोला एसटी ड्रायव्हर होते, बरीचशी नोकरी लेलँडच्या गाडीवर गेली, भर पावसात कुंभार्ली कसा चढायचे ते अजून रंगवून सांगतात. परवा कुणीतरी म्हणालं की लेलँडने एकेकाळी रोल्सपेक्षा महाग कार काढलेली. वडिलांना काय पटत नाहीये. खरंय का? आणि मग बंद का पडली?

लांज्याचा मेस्त्री:
शंभर टक्के खरं आहे दादा. लेलँड एट म्हणायचे तिला. कंपनी म्हणजे इंग्लंडमधली मूळ लेलँड, जिच्यावरून आपल्या अशोक लेलँडचं नाव आलं. 1920 साली लंडनच्या ऑलिंपिया शोमध्ये दाखवली, नुसती चॅसी 2,500 पौंडांना, बॉडी वेगळी बांधून घ्यायची. इंजिन सुमारे 7 लिटरचं, आठही सिलिंडर एका रांगेत, असं इंजिन देणारी ब्रिटनमधली पहिली कार हीच. डिझाईन पॅरी थॉमसचं, हाताखाली रीड रेल्टन. आणि खरी मजा वर इंजिनाच्या हेडमध्ये आहे, व्हॉल्वला आपल्या नेहमीच्या गोल स्प्रिंगाच नाहीत, चक्क पाटे (लीफ स्प्रिंग) बसवलेत, ट्रकच्या पाट्यांची छोटी भावंडंच. लॉरीवाल्यांनी केलेलं असलं नाजूक काम बघितलं की हात जोडावेसे वाटतात.

देवगडकर:
माका ह्यां म्हायतच नव्हतां! किती बनवल्यानी?

लांज्याचा मेस्त्री:
विसाच्या आतच. 1923 पर्यंत खेळ संपला. कार वाईट म्हणून नाही हां, पैसाच उरला नाही. पहिल्या महायुद्धात लेलँडने ब्रिटिश सैन्याला हजारो लॉऱ्या दिलेल्या, युद्ध संपल्यावर त्याच लॉऱ्या भंगार भावात बाजारात आल्या तर नाव खराब होईल म्हणून कंपनीने त्या परत विकत घेऊन नव्यासारख्या करायचं काढलं, त्यात प्रचंड पैसा अडकला आणि वर मंदी. अशात इतकी महाग गाडी घेणार कोण?

देवगडकर:
आणि तो थॉमस?

लांज्याचा मेस्त्री:
तो कंपनी सोडून इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर रेसिंगमध्ये गेला, लेलँडच्याच इंजिनावर तिथे भरपूर शर्यती मारल्या. मग 27 लिटरचं विमानाचं इंजिन असलेली 'बॅब्स' घेऊन 1926 मध्ये वेल्सच्या पेंडाइन बीचवर ताशी 171 मैलांचा विक्रम केला, आणि पुढच्याच वर्षी 3 मार्चला तिथेच, त्याच गाडीच्या अपघातात गेला. माणूस फार मोठा होता, पण आपल्याकडे त्याचं नाव कुणी घेत नाही याचं वाईट वाटतं. वडिलांना सांगा, आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते मायकेल कॉलिन्स 1922 मध्ये मारले गेले त्या दिवशी प्रवासात ते लेलँड एटमध्येच होते.

कुंभार्लीघाट:
पाट्यांचं आत्ताच वाचून दाखवलं, लगेच विचारतायत तुटला तर बदलायचा कसा 😄 डायग्राम असेल कुणाकडे तर टाका प्लीज, ते सोडणार नाहीत आता.