गच्चीवरचा सोल लाइन डान्स : तिसऱ्या भिंतीला सगळ्या चुकतात, काय करू?

भुसावळची माई

नमस्कार मंडळी. मी भुसावळची, वय ५८. दोन वर्षांपूर्वी भाचीने अमेरिकेहून एक व्हिडिओ पाठवला. एका हॉलमध्ये तीस-चाळीस कृष्णवर्णीय बायका-पुरुष, बरेचसे माझ्याच वयाचे, रांगा करून नाचत होते. जोडीदार नाही, कुणी कुणाचा हात धरलेला नाही. सगळे एकदम उजवीकडे, एकदम डावीकडे, मग पाव वळण घेऊन तेच पुन्हा. याला सोल लाइन डान्स म्हणतात हे तिनेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाजी शिजेपर्यंत ओट्यापुढे उभी राहून मी उजवा, मागे डावा, उजवा, टेकव असं करत होते. तेव्हापासून हा नाद लागलाय.

आता आम्ही नऊ जणी आहोत. पहाटे सहाला आमच्या गच्चीवर जमतो, कारण उन्हाळ्यात आठ वाजले की कोब्यावर पाय ठेववत नाही. सुरुवात इलेक्ट्रिक स्लाइड या नाचाने केली, मग क्युपिड शफल हा दुसरा. दर पाव वळणानंतर तोंड ज्या बाजूला होतं तिला भिंत म्हणतात. या चार भिंती समजाव्यात म्हणून मी गच्चीच्या बाजूंना नावं देऊन टाकली : समोर टाकी, उजवीकडे निंब, मागे रेल्वे यार्ड, डावीकडे जिना.

यंदा श्रावणात कानबाईच्या सणाला गल्लीत नाचायला मी स्वतःचा एक नाच बसवलाय. गाणं अहिराणी, लग्नात बँडवाले वाजवतात त्या चालीचं. नाच ३२ काउंटचा, म्हणजे ३२ ठोक्यांचा, आठ-आठचे चार भाग. पहिल्या आठात उजवीकडे तीन पावलं आणि टेकव, डावीकडे तसंच. दुसऱ्या आठात तीन पावलं पुढे, डावा पाय झटकायचा, तीन मागे, उजवा टेकवायचा. तिसऱ्यात उजवा बाजूला टाकून परत डाव्यावर, मग उजवा डाव्यापुढून आडवा, टाळी, तेच डाव्याने. चौथ्यात उजवा आडवा, डावा मागे, उजव्याने पाव वळण, डावा जुळवला, आणि शेवटी कमरेचे तीन हेलकावे उजवा-डावा-उजवा आणि टाळी.

अडचणी दोन. एक, दर वेळी नव्याने सुरू करताना सगळ्या अडखळतात, मीसुद्धा. दुसरी मोठी : तिसऱ्या भिंतीला, म्हणजे यार्डाकडे तोंड झालं की सगळं विस्कटतं. मी तेव्हा सगळ्यांच्या मागे जाते, पुढे बघायला कुणी उरत नाही. पण नुसतं तेवढंच कारण नसावं, गाणंही तिथे निसटल्यासारखं वाटतं. श्रावण जवळ आलाय. जाणकारांनी सांगावं, मनापासून शिकायचंय.

अमळनेरचा पीटी मास्तर

माई, तुम्ही लिहिलंय तसं अंगणात उभं राहून दोनदा करून पाहिलं. पहिली अडचण शेवटच्या हेलकाव्यात आहे. उजवा-डावा-उजवा झाल्यावर अंगाचा भार उजव्या पायावर येतो. टाळीच्या वेळी तो तिथेच राहतो. आणि नवा फेरा सुरू करायचा तो उजव्याच पायाने! भार असलेला पाय उचलणार कसा? म्हणून सगळ्या एक क्षण थबकतात. तीनऐवजी चार हेलकावे घ्या, चौथा डाव्यावर आणि टाळी त्याच्यावरच. उजवा पाय मोकळा राहील.

मी बत्तीस वर्षं शाळेत लेझीम शिकवलं. चार आवाज हा लेझमीचा प्रकार शिकवताना मुलांना आधी लेझीम हातात देत नसे, नुसती पावलं टाकायला लावायचो. प्रत्येक पावलाला भार असलेल्या पायाचं नाव मोठ्याने म्हणायचं. तुमच्या नऊ जणींनाही तसंच करायला लावा : "उजवा, डावा, उजवा, टेकव." टेकव म्हणजे भार द्यायचा नाही, हे तोंडाने म्हटलं की पायाला कळतं.

आणि कोब्यावर अनवाणी वळू नका. तळवा खरबरीत फरशीला धरून राहतो, अंग फिरतं, पीळ गुडघ्याला बसतो. गुळगुळीत तळाचे कापडी बूट घाला. माझा स्वतःचा डावा गुडघा असाच गेलाय, म्हणून हक्काने सांगतो.

शहाद्याची लेक

आमच्याकडे नवरात्रात गरबा खेळतो तेव्हा हा प्रश्नच येत नाही, कारण गोल असतो, समोर कुणी ना कुणी दिसतंच. रांगेत तसं नाही. माई, व्हिडिओ टाका ना, आम्हीही शिकू.

धुळं ते मिशिगन

माई, तुमची पोस्ट वाचून डोळे भरून आले. मी धुळ्याची, अकरा वर्षं इथे आहे. दर मंगळवारी अशाच एका वर्गाला जाते, आणि मला तिथे सामावून घेतलं ते तुमच्या वयाच्या कृष्णवर्णीय मावश्यांनीच. डेट्रॉइटकडे या नाचांना हसल म्हणतात. हा नाच त्यांच्या लग्नांतून, घरच्या जेवणावळींतून वाढलेला आहे, वर्गात नंतर आला. म्हणून पावलं अचूक असली तरी अंग सैल हवं, खांदे आणि कंबर आपापल्या ढंगाने.

आता यार्डाचं. आमच्या बाई नवशिक्यांना मधे घेतात आणि चारही कडांना एकेक पक्की बाई उभी करतात. भिंत कुठलीही येवो, सर्वांत पुढे कुणीतरी खात्रीचं असतं. तुमच्यातल्या चौघी पक्क्या करा : एक टाकीकडे, एक निंबाकडे, एक यार्डाकडे, एक जिन्याकडे. तुम्ही कुठेही असलात तरी चालेल.

पण गाणं निसटतं म्हणालात ते खरं दुखणं आहे. नाचू नका, वही घेऊन बसा. गाणं लावा आणि दर आठ पावलांना एक रेघ ओढा. चाल सहा मात्रांची असेल तर गोंधळू नका, एका सहात पावलं दोनच पडतात, ती मोजा. मुखडा, कडवं, मधलं वाजवणं, प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या लिहा. जिथे चाराच्या पटीत रेघा येणार नाहीत, तिथे तुमचा नाच गाण्याला सोडून पुढे जातोय. तिथे दोन वाटा : चार-आठ काउंटचा जोडतुकडा घाला, त्याला टॅग म्हणतात, किंवा नाच मधेच सोडून पहिल्यापासून धरा, तो रीस्टार्ट. रीस्टार्ट घेताना मास्तरांनी सांगितलेलं तपासा, तिथे उजवा पाय मोकळा आहे ना.

प्रत्येक नाचाला हे लागतंच असं नाही. इलेक्ट्रिक स्लाइड रिक सिल्व्हर यांनी १९७६ मध्ये बसवला तो २२ काउंटचा, लोकांत रुळलाय तो १८ चा. तो गाण्याच्या ओळीशी दर फेऱ्याला नव्या जागी भेटतो आणि लोक खुशाल नाचतात. पण अहिराणी गाण्याचा मुखडा सुरू झाला आणि बायका कडव्याच्या पावलात अडकल्या तर मजा जाईल, म्हणून तुम्ही जुळवून घ्याच.

एक विनंती. नाच कागदावर उतरवा, वर गाण्याचं नाव, काउंट, भिंती, आणि बसवणारी म्हणून स्वतःचं नाव लिहा. इथे ती रीत फार जपतात. दुसऱ्याचा नाच शिकवतानाही आधी त्याचं नाव घेतात.

भुसावळची माई

सगळ्यांचे आभार. काल दुपारी कूलरपुढे बसून रेघा ओढल्या. मुखडा चार, कडवं चार, मग सनईचा तुकडा फक्त दोन, आणि लगेच मुखडा! म्हणजे मुखडा टाकीला, कडवं निंबाला, आणि यार्डाकडे वळलो की सनई. सोळा काउंटला मुखडा परत सुरू होतो आणि आम्ही तिसऱ्या आठात पाय आडवे टाकतोय.

रीस्टार्ट घेतला. सोळाव्याला उजवा टेकवलेलाच असतो, मोकळा. वळण चौथ्या आठात असल्यामुळे तोंड यार्डाकडेच राहतं, तिथूनच पहिल्यापासून. दुसऱ्या कडव्यानंतर सनई पुन्हा येते तेव्हा तोंड टाकीकडे असतं, तिथेही तसंच. चौथा हेलकावाही घेतला, मास्तर, आता थबकत नाही कुणी.

आज पहाटे यार्डाच्या कडेला शेजारच्या काकूंना उभं केलं. वय ६६. सनई सुरू झाली, त्यांनी दोन आठ मोजले आणि मुखड्याच्या पहिल्या शब्दाला उजवा पाय टाकला. मागच्या आठही जणींचा पाय त्याच क्षणी पडला, कोब्यावर एकच आवाज. काकू मागे न बघताच म्हणाल्या, "व्हई जाई माय, व्हई जाई!"

व्हिडिओ रविवारी टाकते. कागद लिहून झालाय, नाव कुठलं द्यावं ते तेवढं सुचवा. मला 'सनईला परत' आवडतंय.