आधी अंगणवाडी, मग थिअरी
वर एकांनी लिहिलंय की बालशिक्षणाच्या कोर्सला आधी वर्षभर थिअरी हवी, मग सराव. मला उलटं वाटते. आमच्या मेळघाटातल्या धारणीकडे घरी कोरकू ही आदिवासी भाषा बोलणारी लेकरं अंगणवाडीत येतात. कॉलेजातली पोरगी पाठ केलेलं मराठी बडबडगीत म्हणते, लेकरं नुसती टकामका पाहतात. तीच खाली बसून चिंचोके मांडू लागली, मदतनीस बाईंकडून चार कोरकू शब्द घेतले, की एकेक जवळ सरकते. (एखादं चिंचोका नाकात घालतेच, लक्ष ठेवा!) बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक, अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डी गावात आजूबाजूच्या अशाच वस्तूंवर काम उभं केलं. कॉलेजांनी पहिल्याच महिन्यापासून आठवड्यातला एक दिवस अंगणवाडीला द्यावा. आणि कोर्सची फाइल सजवण्याचे मार्क आधी कमी करा ना भाऊ.